चाळीस दारांचं केंद्रक

काम्शात आपाला नऊ काचांनी जेवू दिलं नाही की झोपू दिलं नाही, आणि मौज अशी की त्या नऊ काचांचा निकाल कधीच लागून गेला होता. निकाल होता: सगळं ठीक.

गेल्या ऑक्टोबरात ती काम करायची त्या संशोधन संस्थेने आपल्या पन्नाशीनिमित्त शहराबाहेरच्या वस्तीतल्या बायकांसाठी फुकट तपासणी ठेवली. अल्माटीत फुकट काही मिळतं म्हटल्यावर माणूस आधी शंका घेतो आणि मग रांगेत उभा राहतो. तशा दोनशे चौदा जणी रांगेत उभ्या राहिल्या. काही जणी पिशवीभर सफरचंदं घेऊन आल्या, काही घरी न सांगता आल्या, काहींना वाटलं डोळे तपासणार आहेत. गर्भाशयाच्या तोंडाशी छोटा ब्रश फिरवून पेशी काढल्या, काचेवर पसरल्या आणि प्रत्येकीच्या हातात एक निळी चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर संस्थेचा शिक्का आणि नंबर, तोच नंबर काचेवरही. कोणत्या नंबराची बाई कोण, हे एका वहीत लिहिलं आणि ती वही संचालकांच्या तिजोरीत गेली. आठवड्याभरात सगळ्याजणींच्या मोबाइलवर निरोप आला की तुमचं सगळं ठीक आहे, संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या शुभेच्छा.

ज्यांनी काचा तपासल्या त्यांचं काही चुकलं असंही नाही. त्यांनी पेशींचे चेहरे पाहिले. चेहरे साळसूद होते.

काम्शात आपा मात्र चेहरे बघत नसे. सतरा वर्षं ती संस्थेच्या तळघरात, गरम पाण्याच्या नळांच्या शेजारी, एका मायक्रोस्कोपपुढे बसून एकच गोष्ट मोजत आली होती: पेशीच्या पोटात जे केंद्रक असतं, त्या केंद्रकाच्या भिंतीपासून एक ठरावीक जनुक किती लांब बसलंय. त्या जनुकाला ती औषध घालून चमकवायची. अंधारात हिरवा ठिपका दिसला की अंतर मोजायचं आणि लिहायचं. निरोगी पेशीत ते जनुक भिंतीला चिकटून, मूग गिळून बसलेलं असतं, आणि त्याने मूग गिळून बसण्यातच सगळ्यांचं भलं असतं. कारण भिंत सोडून ते मध्याकडे सरकलं की त्याला वाचा फुटू शकते, आणि वाचा फुटली की ते पेशीला एकच सांगत सुटतं: वाढ, दोनाचे चार हो, चाराचे आठ हो. पेशीचा चेहरा नंतर बदलतो. जागा आधी बदलते.

दुपारी पोळीचा तुकडा मोडताना ती त्या ठिपक्याशी बोलायची सुद्धा. "बस बाई, बस आपल्या जागेवर, कुठे निघालीस?" संस्थेतल्या माणसांशी ती वर्षभरात इतकं बोलत नसे.

हौस म्हणून तिने त्या दोनशे चौदा काचा पुन्हा आपल्या पद्धतीने पाहिल्या. दोनशे पाच काचांत जनुक जागेवर होतं. नऊ काचांत ते उठलेलं होतं. एखाद्या पेशीत नव्हे, निम्म्याहून जास्त पेशींत.

याचा अर्थ त्या नऊ जणींना कॅन्सर आहे असा नाही, हे काम्शात आपाला कोणाहीपेक्षा जास्त कळत होतं. जागा सोडलेलं जनुक कधी कधी नुसतंच उभं राहतं, तोंड उघडत नाही. याचा अर्थ एवढाच की त्या नऊ जणींना परत बोलवायचं, पुन्हा नीट बघायचं. आता बघितलं तर पाच मिनिटांचं काम, नंतर बघितलं तर कोणी सांगावं. आणि त्या नऊ जणी खिशात 'सगळं ठीक' घेऊन बाजारात दही विकत होत्या, लेकरांची नाकं पुसत होत्या. काम्शात आपाच्या घशाखाली घास उतरत नव्हता तो यासाठी.

तिने तीन ओळींचं पत्र लिहिलं आणि ती जिना चढून संचालकांकडे गेली.

संचालक सेइतकाली ओर्मानुली यांना सगळी संस्था मानाने 'आगा' म्हणायची. वय अडुसष्ट, छातीवर पदकं ठेवायला कोट अपुरा पडेल अशी स्थिती, आणि तीस वर्षांत मायक्रोस्कोपला डोळा लावलेला नाही.

"ये काम्शात, ये. वर येऊन बस अशी, दाराशी काय बसतेस?"

ती दाराशीच बसली. असं आगा सगळ्यांनाच म्हणत, आणि सगळे दाराशीच बसत.

तिने आधी पाठवलेला अहवाल आगांनी लाल पेन्सिलीने खुणा करत वाचला होता. "भिंतीजवळचं जनुक गप्प असतं, असं लिहिलंयस."

"हो आगा."

"आणि मधलं बडबडतं."

"बहुतेक वेळा."

"मग मला सांग, आपल्या घरात दारापासून सगळ्यात लांब, भिंतीला टेकून कोण बसतं?"

"पाहुणा. नाहीतर घरातला थोरला."

"आणि त्या जागेला म्हणतात काय?"

"तोर," काम्शात आपा म्हणाली. हे तर दूध पिणाऱ्या पोराला सुद्धा ठाऊक होतं.

"तोर!" आगांनी टेबलावर पेन्सिल आपटली. "आणि जगभरचे विद्वान लिहितायत, भिंतीजवळच्या जनुकाचं तोंड दाबून ठेवलेलं असतं. अरे, त्यांच्या घरात तोर नाही, त्यांना काय कळणार? ते गप्प आहे कारण ते मानाच्या जागी बसलंय! थोर माणूस बोलतो का? थोर माणूस मान हलवतो. बोलतात ती मधली माणसं, ज्यांचा हात मांसाच्या ताटात आहे ती. हा माझा सिद्धांत आहे, काम्शात. 'केंद्रकातील तोर'. वीस मेला सुवर्णमहोत्सवी समारंभाला मंत्रालयातून बेइसेन आगा येणार, तेव्हा मांडणार."

"मांडा आगा. पण नऊ जणींच्या पेशींत ते जनुक उठलंय."

"उठलं असेल. माझे आजोबा तोरवर बसायचे, तेही तासाभराने उठायचे. पाय मोकळे करायला. त्याला काय कॅन्सर म्हणायचा?"

"नऊ घरांतले आजोबा एकाच वेळी उठले, आगा?"

"जेवण लांबलं असेल."

काम्शात आपाने पत्र पुढे सरकवलं. "इथे फक्त सही हवी. आणि वहीतून नऊ नावं."

आगांनी पत्र वाचलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "हे आत्ता गेलं तर लोक काय म्हणतील? थोरला जागेवरून उठला की घर बुडतं, असंच ना? मग माझ्या सिद्धांतात राहिलं काय? समारंभ होऊ दे. दुसऱ्या दिवशी सही करतो, दोन सह्या करतो."

"अजून दोन महिने आहेत, आगा."

"ऑक्टोबरपासून पाच गेले, तिथे दोनाचं काय?"

काम्शात आपाला इतका राग आला की तिला जिना उतरताना पायऱ्या दिसेनात. पण सतरा वर्षं जिने आवाज चढवला नाही तिला एका दुपारी तो चढवता येत नाही. ती तळघरात जाऊन बसली, काच लावली आणि ठिपक्याला म्हणाली, "ऐकलंस? तू पाय मोकळे करतेयस म्हणे."

सिद्धांताचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की ते नुसतं भाषणावर भागवत नाही. आगांनी फर्मान काढलं की समारंभासाठी संस्थेच्या आवारात सफरचंदाच्या झाडांमध्ये लोकरी नमद्याचा गोल तंबू, म्हणजे युर्त, उभारायचं, पण साधंसुधं नाही. केंद्रकासारखं. गोल तर ते असतंच. त्यात माणसं बसतील जनुकांच्या जागी, आणि पाहुण्यांना विज्ञान आणि संस्कृती एकाच ताटात मिळेल.

"केंद्रकाच्या भिंतीला दारं किती असतात?" आगांनी सभेत विचारलं.

"दोन हजार," मागे बसलेल्या काम्शात आपाने उत्तर दिलं. "कधी तीन."

मग संस्थेचा सचिव ऐबार, जो कोणत्याही संकटातून आगांना वाट काढून देत असे, म्हणाला, "चाळीस करू या. चाळीस शुभ असतात."

युर्त बांधणारा मोल्दाबेक तालगार गावाहून आला. त्याने नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, आणि जमिनीवर ठेवला.

"सायेब, दार म्हणजे भिंतीतलं भोक. बरोबर?"

"बरोबर."

"चाळीस भोकं पाडल्यावर भिंत कुठली लावू? बापाच्या घरची आणू?"

"मोल्दाबेक, हे केंद्रक आहे," ऐबार म्हणाला.

"असेल. माझ्या सासऱ्यालाही लोक पंडित म्हणायचे. बायको कुठे झोपणार यात? लांडगा आला तर कुठल्या दारात उभं राहायचं? वारा एका दाराने आला तर कुठल्या दाराने गेला हे कळणार कसं?"

"यात कोणी राहणार नाहीये. दोन तास बसायचंय फक्त."

"बसायचंय?" मोल्दाबेकने त्या नकाशावर बोट गोल गोल फिरवलं, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग त्याला दिलेला आगाऊ पैका आठवला असावा. "बसा बापडे," तो म्हणाला आणि लाकडं मोजायला गेला.

भूमिका वाटल्या गेल्या. हिशेबनिसाला अन्न पचवणारं जनुक केलं, ग्रंथपाल बाईंना उंची ठरवणारं. आगांनी स्वतःकडे अख्खं सर्वात मोठं गुणसूत्र घेतलं. ऐबारने यादी संपवली तेव्हा काम्शात आपाचं नाव कुठेच नव्हतं.

"आपा, तुम्ही चहा ओता," तो म्हणाला. "तुमच्यासारखा चहा कोणाला जमत नाही."

तिने चहा कधी कोणाला पाजला होता हे तिला आठवेना, पण ती हो म्हणाली. मधल्या दिवसांत ती तीन वेळा पत्र घेऊन वर गेली. पहिल्या वेळी आगा भाषण पाठ करत होते, दुसऱ्या वेळी अंगरख्याचं माप देत होते, तिसऱ्या वेळी म्हणाले, "काम्शात, तू मला मनःस्ताप देतेस." टपाल बघणारी बाई म्हणाली, शिक्क्याशिवाय मी माझ्या आईला पत्र पाठवत नाही. वहीच्या तिजोरीची किल्ली आगांच्या गळ्यात होती. पालथ्या घड्यावर पाणी. काम्शात आपाकडे नऊ नंबर होते आणि एकही नाव नव्हतं.

वीस मेला ऊन लख्ख पडलं. चाळीस दारांचं युर्त खरोखर उभं राहिलं होतं, आणि लांबून ते नमद्याचं न दिसता नुसत्या पडद्यांचं दिसत होतं. आत गोल गालिचे, त्यावर जेवण मांडायचं लांबलचक दस्तरखान, त्यावर तळलेल्या बाउरसाक पुऱ्यांचे ढीग, घोड्याच्या मांसाची ताटं, सुका मेवा. मधोमध, छताच्या कड्याखाली, चूल असते त्या जागी चहाचा पितळी समोवार. वस्तीतली बायापोरं आवारात जमली होती. समारंभानंतर मांस वाटणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि दारं इतकी होती की प्रत्येकीला बघायला एकेक मिळालं.

बेइसेन आगा आले. वय एक्याऐंशी, मखमली अंगरखा, सोनेरी वेलबुट्टी, हातात काठी. वाकून दारातून आत शिरले, सगळ्यांना सलाम झाला, आणि साहजिकच दारासमोरच्या भिंतीकडे, तोरकडे निघाले.

तिथे दार होतं.

ते थबकले. दारातून दोन पोरं आणि एक बकरी त्यांच्याकडे बघत होती.

"हे काय, सेइतकाली? मला दाराशी बसवतोस?"

"छे छे, आगा! तसं नाही! या, इकडे या, हा खरा तोर," म्हणत सेइतकाली आगांनी त्यांना डावीकडे नेलं. तिथेही दार होतं. उजवीकडे दार होतं. जिथे न्यावं तिथे पाठीशी दार. पाहुणा जिथे बसेल ती जागा दाराजवळची, म्हणजे जोडे काढायची, म्हणजे धाकट्या जावयाची. बेइसेन आगा एकेक दार बघत युर्तभर फिरले आणि जिथून निघाले तिथे परत आले.

"एक दार बंद करा ना," कोणीतरी कुजबुजलं.

"केंद्रकाचं दार बंद केलं तर पेशी मरते," सेइतकाली आगा कळवळून म्हणाले.

आणि पाहुणा बसला नाही तर यजमान बसत नाही. यजमान बसला नाही तर कोणीच बसत नाही. बासष्ट विद्वान माणसं, सगळी जनुकं, सगळी गुणसूत्रं, दस्तरखानाभोवती उभी. मानाचं बकऱ्याचं डोकं ताटात घेऊन ऐबार पाहुण्याच्या मागे मागे फिरत होता. पाहुणा थांबला की तो वाकायचा, पाहुणा निघाला की तोही निघायचा. तिसऱ्या फेरीला त्याने ते डोकं घाबरून हिशेबनिसापुढे धरलं आणि हिशेबनीस दोन पावलं मागे सरून एका दारातून बाहेर पडला. मांसावरची चरबी पांढरी पडायला लागली. दाराशी बसायला तर कोणीच तयार नव्हतं, आणि दाराशी नसलेली जागा देवाने केली नव्हती.

"चहा तरी द्या," शेवटी बेइसेन आगा म्हणाले. "उभ्याने पितो. सैन्यात असताना उभ्यानेच प्यायचो."

त्या अख्ख्या युर्तात एकच माणूस बसलेलं होतं. चहा ओतणारीला उभं राहून चालत नाही, आणि तिच्या जागेला मान नाही तसा अपमानही नाही. काम्शात आपा समोवारपाशी, अगदी मधोमध बसली होती. आणि आता, बसायला जागा नाही म्हणून गोल उभ्या राहिलेल्या बासष्ट माणसांची तोंडं, दुसरीकडे वळवायला जागाच नव्हती म्हणून, तिच्याकडे वळलेली होती. तिच्या हे लक्षात आलं तेव्हा मांडीखाली घडी घालून ठेवलेला कागद तिने चाचपला.

ऐबार पहिला वाडगा न्यायला आला. तिने वाडगा काठोकाठ भरला.

"आपा!" ऐबार पुटपुटला. "वेड लागलंय का? काठोकाठ?"

तिकडे चहा वाडग्याच्या तळाशी, घोटभर ओततात. पाहुण्याने पुन्हा मागावा, पुन्हा बोलावं, बसून राहावं म्हणून. वाडगा काठोकाठ भरणं म्हणजे तोंडावर सांगणं, की प्या आणि चालू पडा. सुनेने रागाच्या भरात सुद्धा असं केल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

"ने," काम्शात आपा म्हणाली. "सेइतकाली आगांना दे."

आगांनी वाडगा घेतला, आत पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बीटासारखा झाला. पण करतात काय? वाडग्याला कान नसतात, चहा उकळता, दोन्ही हातांनी धरावा लागतो. खाली ठेवायचा तर वाकावं लागतं, गुडघे टेकावे लागतात, म्हणजे पाहुण्याआधी बसावं लागतं. ते तसेच राहिले. मग उपसंचालक. मग ग्रंथपाल बाई. मग हिशेबनीस, जो परत आला होता. काम्शात आपा भरत गेली आणि ऐबार वाटत गेला, कारण वाटायचं थांबवा असं म्हणायला ज्यांनी तोंड उघडावं त्यांची बोटं पोळत होती. पाच-सहा मिनिटांत अख्खी संस्था हातात काठोकाठ भरलेले वाडगे घेऊन, श्वास धरून, जागच्या जागी खिळली.

शेवटचा वाडगा बेइसेन आगांचा. त्यांनी आत बघितलं, आणि भुवया वर केल्या.

"मुली, मला हाकलतेस?"

"नाही आगा. थांबवतेय. भरलेला वाडगा हातात असला की माणसाला हलता येत नाही."

म्हाताऱ्याच्या मिश्या हलल्या. "थांबलो. बोल."

"काम्शात!" सेइतकाली आगा ओरडले. "भाषण माझं आहे!" ओरडताना त्यांच्या अंगठ्यावर चहा सांडला आणि पुढचं वाक्य नुसतं "आई गं" एवढंच झालं.

काम्शात आपाला भाषण येत नव्हतं. तिने सांगितलं ते असं: केंद्रकात एक जनुक आहे, त्याने भिंतीशी गप्प बसायचं असतं. दोनशे चौदा बायकांच्या पेशी पाहिल्या. दोनशे पाच जणींचं बसलंय. नऊ जणींचं उठलंय.

"थोरला उठला तर काय होतं?" बेइसेन आगांनी विचारलं. म्हणजे सिद्धांत त्यांच्यापर्यंत आधीच पोचला होता.

"तो थोरला नाहीये, आगा. भिंतीशी आहे म्हणून त्याला थोरला समजले सगळे. उठला तर कधी काहीच होत नाही. कधी घर जातं. नुसतं बघून आधी सांगता येत नाही, म्हणून पुन्हा तपासायचं असतं."

"मग तपासलं?"

"सहीला ठेवलंय. मार्चपासून."

बेइसेन आगांनी मान वळवली. सेइतकाली आगा वाडग्यात बघत होते.

"समारंभानंतर करणारच होतो," ते म्हणाले. "उद्याच. दोन सह्या करणार होतो."

"नावं काय त्यांची?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नावं तिजोरीत आहेत. माझ्याकडे नंबर आहेत." काम्शात आपा उठली. बसून बसून तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि आपला आवाज कुठपर्यंत जातो हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. ती आतल्या माणसांकडे न बघता दारांकडे बघून बोलायला लागली. "बायांनो, ऑक्टोबरात तपासणीला आला होतात. निळी चिठ्ठी दिली होती. ज्यांच्याकडे असेल त्यांनी नंबर बघा. बारा. एकतीस. अठ्ठावन्न. सत्त्याहत्तर. एकशे तीन. एकशे सतरा. एकशे अठरा. एकशे सहासष्ट. दोनशे आठ."

शिक्का असलेला कागद त्या वस्तीत कोणी टाकत नाही. बायका रुमालाच्या गाठी, पाकिटं, पोरांच्या दप्तरांचे खण उघडायला लागल्या. आत बासष्ट माणसं गरम वाडगे घेऊन उभी होती आणि कोणीतरी दाताच्या फटीतून 'स्स' करत होतं.

मग एका दारातून एक बाई आत आली. पस्तिशीची असेल, डोक्याला फुलांचा रुमाल, हाताला सुक्या दह्याच्या गोळ्यांचं पीठ. मोबाइलच्या कव्हरमधून तिने निळी चिठ्ठी काढली होती.

"एकशे सतरा म्हणालात?"

"हो."

"मी उल्जान. मला तर ठीक असल्याचा मेसेज आलाय. हा बघा, अजून ठेवलाय."

"पेशीचा चेहरा ठीक आहे," काम्शात आपा म्हणाली. "आतली जागा ठीक नाही."

उल्जानला ते कळलं नाही, आणि कळलंही. तिने एकदा आजूबाजूच्या पदकवाल्यांकडे पाहिलं, सगळे वाडग्यांत बघत होते. मग तिने काम्शात आपालाच विचारलं, "मी मरणार का, आपा?"

सतरा वर्षं काम्शात आपा अंतरं सांगत आली होती. एक मायक्रॉन, दीड मायक्रॉन. असलं काही तिला कोणी विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि ते तिने पुसले नाहीत.

"माहीत नाही गं. बहुतेक नाही. लवकर बघितलं तर बहुतेक नाहीच. उद्या सकाळी आठला तळघरात ये."

"उद्या रविवार आहे."

"असू दे. मी असेन."

"बस मुली," बेइसेन आगा घोगऱ्या आवाजात म्हणाले, आणि स्वतः मागे सरकले. त्यांच्याबरोबर सगळे मागे सरकले, तिच्यासाठी जागा करायला, आणि तेवढ्यात सात-आठ वाडगे सांडले.

"बसायला वेळ नाही," उल्जान म्हणाली. "एकशे अठरा माझी जाऊ आहे, बातिमा. रांगेत माझ्या मागेच उभी होती. ती काल मेंढ्यांबरोबर वरच्या कुरणात गेलीय, सप्टेंबरशिवाय खाली येणार नाही. वर फोन लागत नाही. दोनची गाडी मिळाली तर अंधाराआधी तिला गाठेन." एवढं बोलून ती चाळीस दारांपैकी जे सगळ्यात जवळ होतं त्यातून पळत सुटली.

काम्शात आपाने कागदावर एकशे सतराच्या आणि एकशे अठराच्या पुढे पेन्सिलीने खूण केली. मग ती दाराच्या जरा जवळ गेली आणि राहिलेले सात नंबर पुन्हा, आधीपेक्षा मोठ्याने, वाचायला लागली.